खिडकीपलीकडची साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसाय बाटलीत वाढलेल्या शोभेच्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. परवा माझे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. माझे मन ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल असे एकच माणूस आहे, माझी थोरली बहीण, आणि ती नऊ वर्षे माझ्याशी बोललेली नाही.

कलम एक. रोपांच्या शेडमागच्या माझ्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला द्यावे. कपाटाचे दार जरा उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे. शेड सांभाळण्याचा आग्रह तिला कोणी करू नये. ओल्या मातीला हात लागला की तिला शहारे येतात, आणि बळजबरीने कोणी माळी होत नाही.

कलम दोन. शेडमधला माझा हिस्सा, फवारणीचे पंप आणि सर्व ट्रे आमच्याकडे बावीस वर्षे काम करणाऱ्या काकूंना द्यावेत. काकूंनी माझी पुष्कळ बोलणी खाल्ली, पण एक ट्रे वाळू दिला नाही.

कलम तीन. आईचा कुकर. आमची प्रयोगशाळा म्हणजे सुरुवातीला हाच. ताई त्यात जामच्या रिकाम्या बाटल्या उकळून निर्जंतुक करायची आणि आई विचारायची, "आज जेवायला काय, बाटल्या?" पहिले अँथुरियमचे रोप बोटाच्या पेराएवढे झाले तेव्हा आम्ही तिघी ओट्याशी नाचलो होतो. बाटलीत रोपाला सगळे आयते मिळते, गोड जेली आणि दमट हवा. त्याला एकदम उघड्यावर आणले की ते तासाभरात मान टाकते. म्हणून आधी मुळांवरची जेली धुवायची, रोप ट्रेमध्ये लावायचे, वर प्लास्टिक झाकायचे, आणि ते रोज एकेक बोट वर करत जायचे. पुढे ताई आत बाटल्या भरायची, मी बाहेर ट्रे सांभाळायची, मध्ये भिंतीत बाटल्या द्यायला एक सरकती खिडकी. ती आतून ओरडायची, "फार लाडावू नकोस गं!" मी म्हणायचे, "लाडावलंस तू, निस्तरते मी!" ते दिवस फार सुखाचे होते. कुकर कोणालाही देऊ नये. तो त्या खिडकीत ठेवावा.

कलम चार. नऊ वर्षांपूर्वी ताईने तीन वर्षे खपून पांढऱ्या कडेचे नवे अँथुरियम तयार केले. त्याची चारशे रोपे माझ्याकडे आठ दिवसांत कुजली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "रोपं आतूनच रोगट आली." ताईने खिडकी लावून घेतली. तेव्हापासून बाटल्या काकू दारातून आणतात.

खरे असे की मुळे केसासारखी बारीक होती. तुटतील या भीतीने मी जेली नीट धुतलीच नाही, आणि राहिलेल्या साखरेवर बुरशी धरली. जे मी दुनियेला शिकवत आले, तेच चुकले. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. ताई, चूक माझी होती. मला त्याची फार लाज वाटते.

कलम पाच. ताईला मी काहीही ठेवलेले नाही. मुलगी म्हणाली, "आई, मावशीला काहीच नाही? बरं दिसतं का ते?" पण वकिलांनी सांगितले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने त्यावर साक्ष घालू नये. मला साक्षीदार म्हणून ताईच हवी आहे. साक्षीदाराला सही करताना समोर बसावे लागते. सहीआधी तिने कलम चार वाचावे, एवढीच अट.

कलम सहा. प्लास्टिकखालच्या ट्रेंचा आज बारावा दिवस. एकविसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी कोणीतरी प्लास्टिक एक बोट वर करावे. काकूंवर सोपवता येत नाही, त्यांचे एक बोट म्हणजे एक मूठ असते. हे काम __थोरल्या बहिणीने__ करावे. (जागा मी कोरी सोडली होती. अक्षर माझे नाही.)

स्थळ : शेड, पाण्याच्या टाकीजवळचे टेबल.
दिनांक : एकोणीस मार्च, मंगळवार.
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार
१. घरचे डॉक्टर. सही. मन ठिकाणावर असल्याची खात्री केली. गुडघ्यांबद्दलही खरेच लिहिले आहे.
२. थोरली बहीण. सही. कलम चार वाचलं. जेली मला त्याच दिवशी दिसली होती, कचऱ्यातली रोपं उचलून पाहिली होती मी. तू सांगशील म्हणून थांबले. कलम तीन मात्र मला मान्य नाही. खिडकीत कुकर ठेवला तर ती सरकवायची कशी?