बाबांनी सैल ठेवलेला पट्टा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. सिंगापुरात चोआ चू कांगच्या एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बापलेकीला पत्रं लागतात कशाला? पण आज आपल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात अंटार्क्टिकाला जाणारं ते पांढरं जहाज परत आलं. त्याच्या दोन्ही स्नोमोबाइल आपल्या शेडमध्ये आल्या, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये.

किती हसायचात त्या गाड्यांना! "बर्फावरची गाडी दुरुस्त करणार कोण, तर हॉकर सेंटरमध्ये खायच्या आइस काचांगच्या गोळ्यापलीकडे बर्फ न पाहिलेला माणूस!" तरी पुस्तिका उघडून बसलात आणि आठवड्यात त्यांचे लाड करायला लागलात.

गेल्या वर्षी आपण दोघांनी त्यांचे सस्पेन्शनचे भाग बदलले. मग खालचा रबरी पट्टा ताणायचं काम तुमचं. गाडीची मागची बाजू उचलायची, पट्ट्याच्या मधोमध वजन टांगायचं, तो किती झोळ खातो ते स्केलने मोजायचं आणि दोन्हीकडचे बोल्ट सारखे फिरवायचे. तुमचे हात थरथरत होते, पाना बोल्टवर बसता बसत नव्हता. मी पुढे झाले तर म्हणालात, "सरक गं बाजूला." शेवटी नेहमीप्रमाणे, बोल्ट हलला तर कळावं म्हणून, आईच्या नेलपॉलिशने बोल्ट आणि चौकट जोडणारी एक लाल रेघ ओढलीत आणि चहाला गेलात.

मी पट्टा हाताने दाबून पाहिला. मला तो सैल वाटला. आपल्या इंजिनरूमच्या माणसांची खोडच ती, सैल दिसलं की आवळ! वाटलं, बाबांच्या हातात आता जोर राहिला नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप दोन्ही गाड्यांचे बोल्ट आवळले. केवढी शहाणी मी!

तीन महिन्यांनी तक्रार आली. पट्टा फार ताणलेला होता, एका गाडीचं बेअरिंग जाम झालं आणि दोन माणसं बर्फात अडकून पडली. नशीब, वेळेवर सापडली. फोरमनने फोटो दाखवले. तुम्ही चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, "माय मिस्टेक. ओल्ड मॅन, हँड शेकिंग." मी तुमच्या शेजारी उभी होते, बाबा. माझी जीभ का उचलली नाही?

त्यानंतर तुम्ही पाना हातात धरला नाहीत. सकाळ-संध्याकाळ ब्लॉकखालच्या बाकावर बसून राहायचात. आई सगळ्यांना सांगायची, "हात थरथरायला लागले, म्हणून सोडलं हो यांनी." आणि मी मनाची समजूत घालायचे की तुम्हाला खरं काय ते माहीतच नाही.

आज दुसरी गाडी उघडली. तिचे बोल्ट तेव्हापासून कुणी हलवलेले नव्हते. लाल रेघेचा अर्धा तुकडा चौकटीवर, अर्धा बोल्टवर, मध्ये करंगळीएवढं अंतर. मी फोरमनने दाखवलेले पहिल्या गाडीचे ते जुने फोटो काढून पाहिले. त्यातही तसंच दिसतंय. म्हणजे तुम्ही ते पाहिलं होतंत. आणि पट्टा ताणला त्या दिवशी शेडमध्ये आपण दोघंच होतो.

अहो, एक शब्द तरी बोलायचात! चारचौघांत नाही, निदान घरी येऊन चांगलं फैलावर घ्यायचंत! मला नुकतंच यार्डात कायम केलं होतं, म्हणून गप्प बसलात ना? चाळीस वर्षं कमावलेलं नाव माझ्यासाठी असं घालवायचं?

तशीच फोरमनकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाउ देन यू टेल? युवर फादर गॉन ऑलरेडी, लाह." मग त्याने जुना रिपोर्ट काढला, तुमचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. उद्या मला ऑफिसात बोलावलंय. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही.

आई आत कुकर लावतेय. मी तुम्हाला वचन देते, हे पत्र मिटलं की जेवणाआधी तिच्यासमोर बसेन आणि सांगेन, "आई, बाबांचे हात थरथरत होते, पण त्यांचं काम शेवटपर्यंत चोख होतं. बिघडवलं ते मी."

तुमचीच,
चिमी