पुजाऱ्यांना सांगितलेली नावं

अगं,

काल सुखरूप वर पोचलो. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण साथ दिली. थंडी आहे, तरी तू विणलेला स्वेटर पुरतो. ताई अजून सोबतीला आहे ना? दोन घास तरी खातेस ना?

तू आली नाहीस, याचा मला राग नाही. आपली लेक गेल्यापासून तू देवाकडे पाठ फिरवलीस, त्यात तुझं चुकलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण बरी झालीस की बर्फातलं देऊळ दाखवीन, असं मी तिला कबूल केलं होतं. म्हणून आलो.

पुजाऱ्यांनी घरच्यांची नावं विचारली. तुझं सांगितलं, माझं सांगितलं आणि सवयीनं तिचंही सांगून बसलो. ते म्हणाले, "मुलगी का? औक्षवंत होऊ दे."

रांगेत माझ्या मागे असलेल्या आजींनी कौतुकानं विचारलं, "केवढी आहे हो?"

मी म्हणालो, "यंदा आठवीत जाईल."

मग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो.

प्रसाद पुजाऱ्यांनी नावागणिक वेगळा बांधून दिलाय. तिची पुडी तिथंच ठेवून यायचं मला जमलं नाही. घरी घेऊन येतोय, रागावू नकोस.

तुझाच,
मी