काडतुसांचं टेबल

आप्पा, तुमच्या पणतीसाठी मी टेबल केलं. माझ्या हातांनी, करवत मारून, पटाशी चालवून. हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच लिहायला बसले, खुशाली विचारायला नाही. तिसरीपर्यंतची शाळा माझी, अक्षर वाकडंतिकडं येतंय, पण टेबल वाकडं नाही.

आता टेबल कशाचं ते ऐका. पोर म्हणजे माझ्या लेकीची लेक, एकोणीस वर्षांची, इथं न्यूझीलंडातच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. ती नेमबाजी करते. रीतसर लायसन आहे, बंदूक लोखंडी कपाटात कुलपात असते, क्लबात जाऊन लांबवरचा कागद फोडते. आणि काडतुसं घरी स्वतः भरते. वापरलेलं पितळेचं नळकांडं लोखंडी प्रेसमध्ये बसवायचं, दांडा खाली ओढायचा, की ते परत आकाराला येतं. मग काट्यावर दारू तोलायची. बंदुकीची हो, तुमची नव्हे. हे सगळं करताना तिचा चेहरा बघावा, मी तर चहा घेऊन गॅरेजात स्टुलावर बसूनच असते.

तर जावयानं तिला खोक्यातून येतं तसलं टेबल आणून जोडून दिलं. पोरीनं दांडा ओढला की टेबलाचे मागचे पाय उचलले जायचे आणि काट्याची सुई थरथरायची. "आजी, इट्स वॉबलिंग हीप्स," म्हणजे फारच डुगडुगतंय. दारू कमीजास्त पडली तर बंदूकच तोंडावर फुटते, हे तिनंच मला सांगितलेलं. जावयानं ते डुगडुगणं पाहिलं आणि निकाल दिला, टेबल हलणार असेल तर घरी काडतुसं भरणं बंद. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, मी करते टेबल. जावई माणूस बरा आहे, पण हसला. "आई, तुम्ही पुरणपोळ्या करा." तुम्ही असेच हसायचात.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही आत जेवताय, ओसरीवर पाटाची फळी पडलीय, आणि मी रंधा उचलते. एवढे दिवस नुसतं बघून बघून हात शिवशिवत होते. साल निघते ती अशी सलग, पातळ, तिच्यातून ऊन दिसावं. तुम्ही हात धुऊन आलात, फळीवरून तळवा फिरवलात आणि दादाला म्हणालात, "आता बसला रे हात तुझा." दादा खरं बोलला, तेवढंच त्याचं पुण्य. "मी नाही आप्पा, हिनं." तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. फळीचे कुऱ्हाडीनं दोन तुकडे केलेत आणि बंबात घातलेत. "बाईचा हात लागला की हत्याराची धार जाते," हे आईला सांगितलंत, मला नाही. आणि त्याच पाण्यानं आंघोळ केलीत. खंडेनवमीलाही तेच. हत्यारांना फुलं लागायची ती आईनं आणून द्यायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायचं. पुढं सगळी हत्यारं दादाला दिलीत. त्याला खिळा सरळ ठोकता यायचा नाही, सगळी गंजली.

मग मी आणि पोर लाकडाच्या दुकानात गेलो. तिथला माणूस "किया ओरा" म्हणाला, हा इथला रामराम, आणि विचारलं, "बिल्डर कोण तुमच्याकडं?" पोरीनं माझ्याकडं बोट केलं. "शी इज." तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, आणि ट्रॉली माझ्या पुढ्यात लोटली. हसला नाही. इथलं पाइन म्हणजे आपल्या सागापुढं भेंडाचं लाकूड, म्हणून पाय चांगले चार इंची जाड घेतले. पायांना भोकं पाडून आत आडव्या दांड्याचं तासलेलं टोक, कुसू, घातलं आणि वरून पाचर ठोकली. वर प्लायचे दोन थर चिकटवले, आणि प्रेस पुढच्या पायाच्या बरोब्बर डोक्यावर बसवला, म्हणजे ओढीचा जोर थेट पायात उतरतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तुम्ही दादाला शिकवत होता तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पोरीच्या हाती करवत दिली, तिची पहिली फळी तिरकी गेली. ती रडवेली झाली. मी म्हटलं, दुसरी घे. ती फळी ठेवलीय भिंतीवर, डबे ठेवायला. बंबात नाही घातली.

खंडेनवमीला करवत, पटाशी, रंधा आणि तो प्रेस, सगळं टेबलावर मांडलं. हळदकुंकू पोरीनं वाहिलं, फूल मी. जावई जँडल, इथल्या रबरी चपला, काढून आत यायला लागला. "तिथंच थांबा," मी म्हटलं. "का हो आई?" "आमच्याकडं पद्धत आहे." पूजा होईपर्यंत बिचारा गॅरेजच्या दारात उभा होता. त्याचा काही गुन्हा नव्हता आप्पा, तो तुमच्या वाटचा उभा राहिला. मला इतकं बरं वाटलं की मी आरती दोनदा म्हटली. मग पोरीनं दांडा ओढला. सुई हलली नाही. जावयानं स्वतः दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं आणि म्हणाला, "भरू दे तिला."

तुम्ही दादाला सांगायचात, पाय आधी मापून कापू नकोस, ज्या जमिनीवर उभं राहायचं तिथं नेऊन मग काप. मला पाठ होतं ते. तुमचं होतं म्हणूनच ऐकलं नाही, दुकानातच चारी पाय एका मापात कापून आणले. गॅरेजची जमीन दाराकडं उतरती, एका कोपऱ्यात खोल. टेबल पहिल्यांदा उभं केलं तेव्हा आधीच्यापेक्षा जास्त डुगडुगलं. घरात कुणी नव्हतं. पातळी कळायला वर पाण्याचं ताट ठेवलं आणि तुमच्या पद्धतीनं, एकेक पाय जागेवर बघून, परत कापला. म्हणून ते ठरल्यापेक्षा दोन बोटं बुटकं आहे. "आजी, इट्स अ बिट लो," पोर म्हणाली. मी म्हटलं, मुद्दाम घेतलंय, जोर नीट लागतो. ते तिनं खरं मानलं. हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, ते या शेवटच्या चार ओळींमुळं.