तीन नंबरचा पोर्ट

३ फेब्रुवारी
केनवडच्या हळदीच्या शीतगृहात रुजू झाले. राहायला रत्नमालाकाकूंकडची खोली छान हवेशीर आहे. आल्याआल्या त्यांनी भाकर-झुणका वाढला, "लाजू नको माय" म्हणाल्या. सगळ्या खोल्यांच्या केबली ज्या नेटवर्क स्विचमध्ये येतात, तो सांभाळणं माझं काम. कुठली केबल लागली, कुठली निघाली, याची नोंद स्विच स्वतःच करतो. आजवर ती कुणी वाचली नव्हती. आता ते सगळे मेसेज माझ्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर येतील अशी सोय करते.

५ फेब्रुवारी
स्विचचं घड्याळ जुळवलं, मेसेज येऊ लागले. स्विचच्या मेमरीत जुनेही निघाले. गेल्या दिवाळीत तीन नंबरच्या थंड खोलीचा पोर्ट, म्हणजे तिथल्या केबलची जोडणी, सारखा चालू, बंद, चालू, बंद. तिथे फक्त तापमापकाची केबल आहे. इलेक्ट्रिशियन धम्मरत्नदादांना विचारलं, तेव्हा कळलं. माझ्या आधी इथे जगदेव होता. दिवाळीच्या सुटीत तो त्या खोलीत कोंडला गेला आणि तिथेच गारठून मेला.
"दार बाहेरूनच उघडते, ताई. आमाले वाटलं, गावाले गेला."
तेव्हापासून ती खोली बंद आहे. केबलही कापून टाकलीय.

६ फेब्रुवारी
जुने मेसेज पुन्हा वाचले. कुणाला तरी दिसेल म्हणून जगदेव आतून केबल काढत-घालत राहिला. शेवटी मेसेज विरळ होत गेले. मग एक 'बंद'. पुढे काही नाही.

९ फेब्रुवारी
भर दुपारी तीन नंबर चालू. बंद. चालू. तारीख आजची. जाऊन पाहिलं, दाराबाहेर केबलचं कापलेलं टोक भिंतीला लोंबतंय. किरकोळ मेसेज येऊच नयेत असं सेटिंग केलं. तरी येताहेत.

१० फेब्रुवारी
आता थांबतच नाहीत. मालक फोनवर म्हणाले, दुर्लक्ष करा. दुर्लक्षच तर केलं होतं सगळ्यांनी. उद्या दार उघडायचंच.

११ फेब्रुवारी
दादा किल्ली घेऊन आले. कुलूप काढलं. बॅटरी घेऊन आत गेले. मी दाराशी, फोनवर लिहितेय –

दार लागलं. आपोआप. कडी हलत नाही. आतून दादा धडका मारताहेत. "ताई, दार उघडा!" फोनवर मेसेज – चालू, बंद, चालू –

मागे मोटारसायकल थांबली. धम्मरत्नदादाच उतरले. वाशीमहून आत्ता येताहेत. हातात किल्ली.
"ताई, आत कोनाले आवाज देऊन राह्यल्या?"

आतून तोच आवाज. दादांचाच. रडतोय –

दादा पांढरेफटक. कडीला हात लावू नका म्हणताहेत. मी लावलेला नाही. ती फिरतेय, आपली आपणच, आणि दा