पाण्यात आडवे पडणारे चार मासे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याच्या नोकरीतून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले, तेव्हा ते पुरे म्हणाले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेले नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या मुलीला काहीही दिलेले नव्हते. ते मी या लेखाने रद्द करते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून मग ढकलावी लागते.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. वेगळे लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कलम ३. आरामखुर्ची माझ्या नणंदेला. माझे दिवंगत यजमान (यापुढे नुसते 'हे', कारण आयुष्यभर मी त्यांना दुसरे काही म्हटले नाही) शेवटचे चौदा महिने त्याच खुर्चीत बसून होते. स्मशानातून परत आल्यावर नणंद दारातच सगळ्यांसमोर मला म्हणाली होती, "तू त्याच्या हातचं काम काढून घेतलंस, म्हणून तो गेला." त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतेच बोलले. ते तिने दारात, चारचौघांत बोलायला नको होते. खरे काय घडले ते तिला ठाऊक नव्हते, पण बोलली ते खोटे नव्हते, हे मी आज लिहून देते. तिची कवळी माझ्या मुलीनेच बनवली आहे आणि ती अजून घट्ट बसते, याचा अनुभव आम्ही सर्वांनी घेतला आहे.

कलम ४. मागची खोली. यातल्या वस्तूंची वाटणी करण्याआधी काही गोष्टी सांगणे भाग आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी त्यांना म्हटले, मला हे सही-शिक्क्याच्या कागदावरच हवे आहे.

हे ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गळाला लावायचे लाकडी मासे करू लागले. बोटभर लांबीचे, खरा मासा फसेल असे. लाकूड कोरायचे, पोटात भोक पाडून शिसे भरायचे, तोंडाला पत्र्याची जीभ बसवायची. त्या जिभेमुळेच दोरी ओढली की मासा शेपूट हलवत पाण्यात शिरतो. रंगकाम माझ्याकडे होते. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून वरून रंग फवारला की खवले उठतात. डोळ्यासाठी खिळ्याचे डोके रंगात बुडवून एकदाच टेकवायचे, दुसऱ्यांदा टेकवले तर मासा तिरळा होतो. मग वॉर्निशचे पाच हात. ओघळ येऊ नयेत म्हणून यांनी जुन्या पंख्याची मोटर लावून एक चाक केले होते, त्यावर मासे टांगून ते वाळेपर्यंत हळूहळू फिरत राहायचे. आणि शेवटी पत्र्याच्या टबात परीक्षा. सरळ पोहला, तर हे तापलेल्या तारेने त्याच्या पोटावर एक छोटी रेघ आणि तारीख उमटवायचे. ती रेघ म्हणजे यांची सही. मग तो मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विकायला जायचा. त्या खोलीत आम्ही तासन्‌तास बोलत नसू आणि मला तेच फार आवडायचे. नोकरीच्या काळात एकमेकांना आम्ही फक्त थकलेले पाहिले होते.

अकराव्या वर्षी यांचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी सांगितले, हे वाढत जाईल. मासे तिरके होऊ लागले. टबात सोडले की आडवे पडायचे. हे टबाकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, लाकूड ओलं होतं. पुढच्या वेळी म्हणायचे, शिसं जास्त झालं. ते मला बघवत नव्हते.

दुपारी गोळी घेतल्यावर यांना दोन तास झोप लागायची. त्या दोन तासांत मी यांनी कोरलेला मासा घेऊन कानशीने दोन्ही बाजू सारख्या करायची, शिसे काढून पुन्हा भरायची. ज्याचे काहीच होण्यासारखे नसेल तो डब्यात दडवून त्या मापाचा दुसरा कोरायची. यांच्या पाठीमागे उभी राहून अकरा वर्षे बघितलेले हातात आपोआप आले होते. संध्याकाळी हे मासा टबात सोडायचे आणि तो सरळ पोहायचा. यांचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचे, मी काही वाईट करत नाही.

पहिल्या काही माशांवर यांनी परीक्षेआधीच रेघ उमटवली होती, थरथरती, वेडीवाकडी. कदाचित उद्या हात चालणार नाही म्हणून. ती मी पॉलिश पेपरने घासून काढली आणि तिथे सरळ रेघ स्वतःच्या हाताने उमटवली. पुढच्या माशांचेही तसेच करत गेले. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

एका दुपारी मुलगी न सांगता आली आणि तिने मला कानस चालवताना पाहिले. ती कृत्रिम दात बनवते, बारीक कामातले तिला लगेच कळते. ती दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, त्यांना सांग. कधीतरी कळेलच. तेव्हा त्यांना तुझा राग येणार नाही, स्वतःची लाज वाटेल." मी तिला म्हटले, तू तुझे दात बघ.

दोन वर्षे असे चालले. मग एका रविवारी मुलगी यांना बाहेर फिरवून घेऊन आली. ती दारातूनच परत गेली. हे सरळ मागच्या खोलीत गेले, खिशातून एक मासा काढला, टबात सोडला आणि दोरीने ओढला. तो अगदी सरळ पोहला. यांनी दोन-तीनदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "हा माझा नाही."

 यांनी मासा पुसून टेबलावर ठेवला, हात धुतले आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. त्या खोलीत पुन्हा कधी गेले नाहीत. त्याबद्दल मला एक शब्दही बोलले नाहीत, माझ्यावर चिडले नाहीत. जेवायला वाढले की जेवायचे. चिडले असते तर मी पाय धरले असते.

गुपित फक्त मुलीला ठाऊक होते आणि त्या दिवशी हे तिच्याबरोबर होते. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं, आई." मी विश्वास ठेवला नाही. मी तिला सांगितले, या घरात पाऊल टाकू नकोस. ती आली नाही. वडिलांना फोन करायची, पण का येत नाही ते तिने त्यांना कळू दिले नाही, कामाची सबब सांगत राहिली. शेवटच्या आठवड्यात यांनी मला दोनदा विचारले, "आज रविवार आहे का?" ती रविवारी यायची म्हणून. एकदा खरोखरच रविवार होता. मी नाही म्हटले.

ती स्मशानात आली होती, फाटकापाशी उभी राहिली आणि तिथूनच गेली. याला नऊ वर्षे झाली.

गेल्या महिन्यात, मासेमारीचे सामान विकणारे आमचे दुकानदार दुकान कायमचे बंद करून निरोप घ्यायला आले. चहा घेता घेता यांची आठवण निघाली. ते म्हणाले, "वहिनी, मिस्त्री शेवटचे दुकानात आले ते आठवतं. मुलगी बाहेर रिक्षात बसली होती. मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, हात कापतो म्हणता आणि काम तर पहिल्यापेक्षा सफाईदार झालंय. त्यांनी कपाटातला एक मासा मागून घेतला, खूप वेळ बोटांनी चाचपला. मग म्हणाले, हा मी घेऊन जातो."

दुकानदाराला वाटत होते, आपण कौतुकच केले.  मी चहाचे कप धुवायला आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला फोन केला. दुकानदार जे बोलले ते सगळे सांगितले, माझे चुकले असेही म्हटले. तिने मध्ये कुठेही तोडले नाही. शेवटी म्हणाली, "आई, मला तेव्हा हे हवं होतं. आता सवय झाली आहे." मग विचारले, गोळ्या वेळेवर घेतेस ना. मी हो म्हटले. तिने फोन ठेवला.

कलम ५. तर वाटणी अशी. रंधे, पटाश्या आणि करवती तंत्रशाळेच्या सुतारकाम विभागाला. बारीक कानशी मुलीला, तिच्या कामाच्या आहेत. फिरते चाक भंगारात द्यावे, मोटर जळाली आहे.

कलम ६. काचेच्या कपाटात एकतीस मासे आहेत, सगळे यांचा हात कापू लागल्यानंतरचे. त्यांच्या पोटावर यांची रेघ आहे, पण ते सर्व माझ्या हातचे आहेत आणि रेघही माझी आहे. यांच्या नावाने ते कोणी विकू नयेत, शोभेला ठेवू नयेत. तळ्यावर गळ टाकणाऱ्यांना वाटून टाकावेत. खडकात अडकून दोरी तुटली, हरवले, तरी हरकत नाही.

कलम ७. खालच्या खणातल्या डब्यात चार मासे आहेत. दुरुस्त होण्यापलीकडचे म्हणून मी दडवले, त्यामुळे तेवढेच माझ्या हातून वाचले. एकाचे तोंड वाकडे आहे, एकाला डोळा नाही, आणि चौघेही पाण्यात आडवे पडतात. पोटावर थरथरती रेघ आहे. हे चार यांचे आहेत. ते मुलीला द्यावेत. त्यांना वॉर्निश लावू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. दुकानदार साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही असे कळले, म्हणून तोंडी आभार मानले आहेत. सह्या करण्यापूर्वी त्यांनी कलम चार दोनदा वाचले. त्यांचा काही दोष नाही, हे इथे नमूद करते.

कलम ९. मुलीला वर दिलेले सर्व बिनशर्त आहे. ती घर विकेल, बंद ठेवेल, बघायलाही येणार नाही, तरी ते तिचेच. कागदपत्रांसाठी तिला इथे बोलावू नये, ती तिच्या घरी न्यावीत. माझ्या मरणाची बातमी तिला त्याच दिवशी द्यावी. नुसती बातमी द्यावी. ये, असे म्हणू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार १ : (सही) मासेमारी साहित्याचे दुकानदार, निवृत्त
साक्षीदार २ : (सही) शेजारच्या नर्सबाई

ठिकाण : राहते घर
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२३