झुल्माच्या दप्तरातली पुडी

झुल्मा पोरी,

वर्गातली हरवलेली कात्री त्याच संध्याकाळी सापडली, माझ्याच शालीच्या घडीत. पण तोवर ती शोधायला मी सगळ्यांसमोर तुझं दप्तर उलटं केलं होतं. त्यातून वह्या पडल्या, उकडलेले बटाटे पडले आणि वर्तमानपत्राची ती पुडी सुटली. आतलं वापरलेलं पॅड बघून पोरं खिदळली.

"बाई, हे शाळेच्या कचऱ्यात टाकलं तर लोकांना कॅन्सर होतो. आजी म्हणते, घरी आणून जाळायचं," तू कशीबशी म्हणालीस.

मी म्हणाले, "अडाणीच राहणार तुम्ही!"

दुसऱ्या दिवसापासून तू लामा जनावरांचा कळप चारायला जायला लागलीस, शाळेत आलीच नाहीस. मी दोनदा तुमच्या अंगणापर्यंत आले. कुत्रं भुंकलं तशी परत फिरले.

आता मुलींच्या संडासात मी पोतोसी शहराच्या बाजारातून आणलेला झाकणाचा डबा ठेवलाय. "पॅड इथे टाका गं, कुणाला काही होत नाही," असं दर सोमवारी मोठ्या तोंडाने सांगते. मुली माना डोलावतात. डबा रिकामाच असतो.

मीही त्यात अजून काही टाकलेलं नाही. माझ्या आईनेही मला तेच सांगितलं होतं, पोरी. तुला अडाणी म्हटलं ना, तेव्हा माझ्या पिशवीत तशीच पुडी होती.

तुझ्यासमोर यायचं धाडस नसलेली,
प्रिमितिवा बाई