बाळकुमच्या डिझाइन वर्गाची माझ्या पश्चात सोय

मी, श्रीमती सुमती आनंद टिपणीस, वय एकाहत्तर, निवृत्त पॅकेजिंग डिझायनर, राहणार बाळकुम, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि खरं सांगायचं तर भलत्याच उत्साहात लिहिते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा उत्साह पाहून त्यांनी रक्तदाब पुन्हा एकदा तपासला.

माझे पती कै. आनंद यांचे निधन झाले असून आम्हाला अपत्य नाही. तळमजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. त्याच्या हॉलमध्ये दर रविवारी मी आसपासच्या वस्त्यांतल्या मुलामुलींना डिझाइन शिकवते. खुर्ची असो, पाटी असो, डबा असो, वापरताना जे छळते ते नीट कसे करायचे, एवढेच. हा वर्ग माझ्यामागे बंद पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

१. सदर फ्लॅट मी वर्गासाठी कु. मृणाल दगडू खरात, राहणार कल्याण पूर्व, हिला देते. ती प्रथम आली तेव्हा नाव विचारले तरी मैत्रिणीच्या तोंडाकडे बघायची. पुढे नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेच्या पाट्या करण्याचे काम आमच्या मुलांना मिळाले. मृणालने अक्षरे सुरेख काढली, पाट्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या, आणि गर्दी झाल्यावर एकही पाटी दिसेना. नुसती डोकी! कार्यकर्ते तापले. मी पुढे होणार, तेवढ्यात हीच म्हणाली, "काका, चूक माझी आहे. मी रिकाम्या रस्त्यात उभी राहून उंची ठरवलेली. शिडी द्या, आत्ता वर घेते." मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. आज ती नोकरी सांभाळून माझ्याबरोबर शिकवते.

२. पुतण्या चि. सलिल म्हणतो, "काकू, फ्लॅट विकून टाक आणि त्या पोरांना चित्रकलेच्या वह्या वाट." त्याला माझ्या कपाटातल्या सर्व चित्रकलेच्या वह्या द्याव्यात. आनंदच्या आजारपणात मात्र तो धावून आला होता, म्हणून बँकेतील ठेवीही त्याच्याच.

३. कटर, पट्ट्या आणि कापायची चटई वर्गाला. सोसायटीचे सचिव श्री. मितेश यांना जिन्यातल्या चपलांचा फार त्रास होतो. मुलांनी केलेली चपलांची मांडणी त्यांना द्यावी. त्यांनी गुपचूप तिची मापे घेतली आहेत, हे मला माहीत आहे.

४. "वर्ग माझ्याच पद्धतीने चालवावा, अन्यथा फ्लॅट सलिलकडे जाईल." हे कलम खोडले आहे. त्याचे कारण असे. आमच्याकडे प्रत्येक कच्चे काम भिंतीवर लागते आणि ते वापरणाऱ्याने आधी बोलायचे असते. म्हणून मी हा मसुदाही लावला. वाचून मृणाल उठली.

"मॅडम, हे कलम वापरणार कोण? आम्ही. मग आम्हाला न विचारता कसं ठरवलंत?"

"अगं, वर्ग टिकावा म्हणून."

"उद्या नवीन पोरं म्हणाली, आम्हाला ॲप बनवायचंय, तर त्यांना हा कागद दाखवून नाही म्हणू का? असं असेल तर मला घर नको."

भाड्याच्या एका खोलीत चौघांसह राहणारी मुलगी मला सर्वांसमोर सांगते, घर नको! मला इतका आनंद झाला की हातातले पेन सापडेना. फ्लॅट तिला विनाअट दिला आहे. वर्ग कसा चालवायचा ते ती आणि मुले ठरवतील, मला विचारू नये.

खाडाखोडीवर माझी सही आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यादेखत स्वतःच्या सह्या केल्या.

साक्षीदार: १. सौ. हेमांगी प्रधान, शेजारी (सही)
२. डॉ. अद्वय चित्रे (सही)

सुमती आनंद टिपणीस (सही)
ठाणे, रविवार, १४ डिसेंबर २०२५